जोर वाढवण्याआधी: गॅरेजच्या दाराच्या कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर

तक्रार अशी: दार बंद व्हायला खाली येतं, जमिनीला टेकतं आणि लगेच उलटून वर जातं. दर वेळी नाही. कधी तर जमिनीपर्यंत पोचतही नाही, कमरेइतक्या उंचीवरूनच परत फिरतं. उघडताना मात्र काही अडत नाही.

दार पत्र्याचं, चार आडव्या फळ्यांचं, उंची ७ फूट. फळ्या बिजागऱ्यांनी एकमेकींना जोडलेल्या, दोन्ही कडांना चाकं, चाकं रुळांत. दाराच्या वर आडवा शाफ्ट आणि त्यावर पिळाची स्प्रिंग. मोटर छताला टांगलेली. तिच्यापासून दारापर्यंत लोखंडी पट्टी, पट्टीवरून साखळीने ओढली जाणारी ट्रॉली, आणि ट्रॉलीपासून दाराला जोडलेला वाकडा दांडा. मोटरच्या कव्हरवर चार स्क्रू आहेत. दोन लिमिटचे, म्हणजे दार वर कुठपर्यंत जावं आणि खाली कुठपर्यंत यावं हे ठरवणारे. दोन फोर्सचे, म्हणजे किती अडथळा सोसून पुढे रेटायचं हे ठरवणारे.

दिरांशी फोनवर बोलले. ते म्हणाले, "वहिनी, खालच्या फोर्सचा स्क्रू पाव फेरा पुढे घ्या, दार गुमान बंद होईल." मी म्हटलं, "होईल भाऊजी, पण ते उलटतंय कशामुळे ते आधी कळू द्या."

फोर्स वाढवला तर दार बंद होईल यात शंका नाही. पण तो स्क्रू दाराला ताकद देत नाही; वाटेत काही लागलं तर मशीनने ते किती मनावर घ्यायचं, एवढंच तो ठरवतो. आज जो अडथळा लागून दार उलटतंय तो उद्या मशीनला जाणवणार नाही, आणि मग दाराखाली आलेला पायही जाणवणार नाही. घरात अडीच वर्षांची मुलगी आहे. म्हणून फोर्सला हात सगळ्यात शेवटी लावायचा, आणि लावायचा तो शक्यतो कमी करण्यासाठी.

४ नोव्हेंबर

आज स्क्रूला हात लावला नाही. भिंतीवर कागद चिकटवला. दार उलटलं की तीन गोष्टी लिहायच्या: वेळ, किती उंचीवरून उलटलं, आणि मोटरवरचा दिवा लुकलुकला का.

तिसरी गोष्ट महत्त्वाची. आमच्या मशीनमध्ये चौकटीच्या खालच्या सेन्सरचा (एका बाजूकडून दुसरीकडे जाणारा अदृश्य किरण) किरण मध्ये काही येऊन तुटला आणि दार उलटलं तर दिवा दहा वेळा लुकलुकतो. दाराला अडथळा जाणवून ते उलटलं तर दिवा तसाच जळत राहतो. दोन्ही वेळा दार सारखंच वागतं, कारण मात्र दिवा सांगतो. माहितीपुस्तिकेत हे एका ओळीत, मागच्या तक्त्यात दिलंय. माझ्या मते ते पहिल्या पानावर हवं.

७ नोव्हेंबर

कागद भरत आला आणि नोंदींचे सरळ दोन गट पडले.

सकाळी, गारठ्यात: जमिनीला टेकून उलटतं, दिवा लुकलुकत नाही.

संध्याकाळी, साधारण पाच ते सहा: मधूनच उलटतं, दिवा लुकलुकतो.

दुपारी एकही नोंद नाही.

म्हणजे दुखणी दोन आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. संध्याकाळचं सेन्सरचं, सकाळचं दाराचं किंवा लिमिटचं. नुसता फोर्स वाढवला असता तर सकाळचं दुखणं झाकलं गेलं असतं, संध्याकाळचं तसंच राहिलं असतं, आणि मग तो स्क्रू अजून थोडा पुढे घ्यायचा मोह झाला असता.

८ नोव्हेंबर

आज मोटर बाजूला ठेवून नुसतं दार तपासलं.

दार पूर्ण बंद केलं, मोटरचा प्लग काढला आणि ट्रॉलीला लटकणारी लाल दोरी ओढली. तिने दार मोटरपासून सुटं होतं. दोरी ओढायची ती दार बंद असतानाच. दार वर असताना ओढली आणि स्प्रिंग तुटलेली किंवा सैल असली तर अख्खं दार धाडकन खाली येतं. उचलताना हात मुठीला किंवा खालच्या कडेला लावायचा, दोन फळ्यांच्या सांध्याला कधीच नाही. फळ्या रुळाच्या वळणावर येतात तेव्हा तो सांधा आधी उघडतो आणि मग मिटतो, आणि मिटताना बोट सोडत नाही.

दार गुडघ्यापर्यंत उचलून हात सैल केले: खाली गेलं. कमरेपर्यंत: हळूहळू खाली. छातीपर्यंत: थांबल्यासारखं झालं आणि मग सरकत खाली. पूर्ण वर: राहिलं.

नीट तोललेलं दार अर्ध्यावर सोडलं की जागच्या जागी राहायला हवं. थोडं वर किंवा थोडं खाली सरकलं तर चालतं. आमचं सरळ जमिनीकडे निघालं होतं. म्हणजे स्प्रिंग कमी पडतेय आणि उरलेला भार रोज मोटर ओढतेय.

हे इथे सविस्तर लिहून ठेवते, कारण मोटर दार उचलते असाच सगळ्यांचा समज असतो. दार उचलते ती स्प्रिंग. दार खाली येताना दोन्ही कडांच्या तारा शाफ्टवरच्या ड्रमवरून सुटतात, शाफ्ट फिरतो आणि स्प्रिंग पिळली जाते. तोच पीळ वर जाताना दाराचं वजन पेलतो. यातली हुशारी अशी की दार जसं वर जातं तशी एकेक फळी वळण घेऊन आडव्या रुळावर जाऊन पडते. त्या फळीचं वजन मग रूळ घेतो, तारेवर लटकणारं वजन तेवढं कमी होतं. आणि नेमका त्याच वेळी स्प्रिंगचाही पीळ सुटत जाऊन तिचा जोर कमी होत असतो. वजन आणि जोर दोन्ही बरोबरीने उतरतात, म्हणून दार कुठल्याही उंचीवर सोडलं तरी थांबतं. असं जुळलेलं दार दोन बोटांनी हलतं, आणि मोटरला फक्त त्याला इकडून तिकडे न्यायचं असतं. १९२१ मध्ये सी. जी. जॉन्सन यांनी वर उचललं जाणारं दार बाजारात आणलं, आणि त्याला विजेची मोटर १९२६ मध्ये जोडली. आधी हाताने सहज हलणारं दार, मग मोटर. जुळवणीचा क्रमही हाच ठेवायचा असं मी ठरवलंय.

९ नोव्हेंबर

स्प्रिंगवर ठपका ठेवण्याआधी घर्षण तपासलं. घर्षण दोन्हीकडून फसवतं: चाकं अडकत असतील तर चांगलं दार जड वाटतं, आणि तोल गेलेलं दारही अडकून मध्येच थांबतं आणि ठीक आहे असं वाटतं.

रूळ आतून कोरड्या फडक्याने पुसले. बरीच काळी चिकट घाण निघाली. रुळांत ग्रीस भरलं होतं, आणि ते तिथे नको असतं. चाकाने रुळात फिरायचं असतं, घसरायचं नसतं, आणि ग्रीसमध्ये धूळ बसून तिचा लगदा होतो. वंगण लागतं ते चाकांच्या बेअरिंगना, बिजागऱ्यांच्या खिळ्यांना, शाफ्टच्या टोकांच्या बेअरिंगना, आणि स्प्रिंगच्या वेटोळ्यांवर हलकासा हात. लिथियम ग्रीसचा स्प्रे वापरला. गंज सोडवायचा पातळ स्प्रे इथे कामाचा नाही. तो साफ करतो, पण वंगण म्हणून टिकत नाही. डावीकडचं एक चाक आसावर डगडगत होतं, त्याच्यावर खूण केली.

पुन्हा तोल पाहिला. आवाज निम्म्याने कमी झाला, पण दार तरीही कमरेवरून खालीच. स्प्रिंगच.

इथून पुढचं काम माझं नाही. वाचणाऱ्यानेही इथे थांबावं. पिळाच्या स्प्रिंगच्या टोकाला शंकूसारखा तुकडा असतो, त्याला 'कोन' म्हणतात; त्याच्यावरचे स्क्रू सैल केले की तिच्यात साठलेली सगळी ताकद एका झटक्यात बाहेर पडू शकते. यात बोटं जातात, मनगटं मोडतात, जीवही गेलेत. दाराच्या खालच्या दोन कोपऱ्यांत तार अडकवलेली ब्रॅकेट असतात, त्यांनाही हेच लागू: दार बंद असताना सगळा ताण तिथे असतो. बऱ्याच दारांवर तिथले बोल्ट लाल रंगवलेले असतात. ते सोडायचे नाहीत.

१२ नोव्हेंबर

दारांचं काम करणारा माणूस येऊन गेला. दार एकदा हाताने वर-खाली केलं आणि म्हणाला, "ताई, स्प्रिंग तुटली नाहीये, थकलीये. थोडा पीळ देऊन अजून ढकलता येईल. पण तुम्ही विचारताय म्हणून सांगतो, बदला."

बदलली. हिशेब साधा आहे. घरगुती दाराच्या साध्या स्प्रिंगचं आयुष्य साधारण १०,००० फेऱ्यांचं धरतात, आणि एकदा उघडून बंद केलं की एक फेरी. रोज चार फेऱ्या धरल्या तर वर्षाला १,४६०, म्हणजे सात वर्षांच्या आतच आकडा भरतो. आमची स्प्रिंग त्याहून जुनी होती. थकलेल्या तारेला आणखी पीळ द्यायचा आणि ती ज्या दाराखालून मूल येतं-जातं त्याच्यावर ठेवायची, हे मला पटलं नाही.

त्याचं काम लांबून पाहिलं. दार बंद, रुळाला पकडीचा पाना लावून दार अडवलेलं, आणि स्प्रिंगच्या कोनाच्या भोकांत एकाआड एक दोन पोलादी सळया. एक सळई भोकात पक्की बसल्याशिवाय दुसरी काढत नव्हता. सळईच्या जागी स्क्रू ड्रायव्हर घालणारे त्याने पाहिलेत. "त्यांच्याकडे मी काम शिकायला गेलो नाही," एवढंच म्हणाला. ७ फुटी दाराला आणि नेहमीच्या ४ इंची ड्रमला साडेसात फेरे. ड्रमच्या एका फेऱ्यात साधारण एक फूट तार येते, म्हणून सात, आणि दार पूर्ण वर गेल्यावरही तारा ताणलेल्या राहाव्यात म्हणून वर अर्धा. डगडगणारं चाकही बदललं.

तो गेल्यावर दार कमरेवर सोडलं. थांबलं. गुडघ्यावर सोडलं, तिथेही थांबलं.

१३ नोव्हेंबर

आता लिमिट. ट्रॉली परत जोडली, पण फोर्स तसाच ठेवला.

सकाळच्या उलटण्याचं दुसरं कारण इथे सापडलं. दाराच्या खालच्या कडेची रबरी पट्टी दोन महिन्यांपूर्वी बदलून घेतली होती, आणि नवी पट्टी जुनीपेक्षा जाड आहे. लिमिट जुन्या पट्टीप्रमाणेच राहिलं. त्यामुळे दार टेकल्यावरही मोटरच्या हिशेबाने अजून थोडं अंतर बाकी असतं. ती रेटते, जमीन हलत नाही, मशीनला वाटतं काहीतरी अडकलंय आणि ती दार उलटवते. उन्हात रबर मऊ होऊन दबतं म्हणून दुपारी खपून जायचं. गारठ्यात ते कडक होतं, ग्रीसही घट्ट होतं, आणि दोन्ही मिळून फोर्सची मर्यादा पार व्हायची. मशीनने केलं ते बरोबरच होतं.

आमच्या मशीनवर लिमिटच्या स्क्रूचा एक पूर्ण फेरा म्हणजे दाराचा साधारण ५ सेंटिमीटर प्रवास. म्हणून पाव पाव फेरा. आधी खालचं लिमिट कमी करत नेलं, दार जमिनीपासून जरा वर थांबेपर्यंत. मग उलट दिशेने थोडं थोडं, पट्टी पूर्ण लांबीला टेकून किंचित दबेपर्यंत. आतून दिवा बंद करून पाहिलं, कडेने उजेड दिसत नाही. एवढं पुरे. पट्टी चेपून सपाट करायची नसते.

वरचं लिमिट: दार उघडल्यावर खालची कड चौकटीच्या वर जेमतेम दिसावी. आमचं जास्त वर जाऊन रुळाच्या टोकाच्या बोल्टला धडकत होतं, म्हणून अर्धा फेरा कमी केलं.

सारखं वर-खाली केल्याने मोटर मध्येच बंद पडली. आत उष्णतेपासून वाचवणारा स्विच असतो. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की ती परत चालू होते. घाबरायचं कारण नाही, पण अशा वेळी रिमोट दाबत राहू नये.

साखळी दार बंद असताना मध्यावर थोडी लोंबते. तेवढी लोंबायलाच हवी. फार ताणली तर दातेरी चाकावर भार येतो. तिला हात लावला नाही.

१४ नोव्हेंबर

फोर्स. शेवटी याची पाळी.

वरचा आणि खालचा, दोन्ही स्क्रूंच्या सध्याच्या जागी मार्करने रेघ मारली. मग दोन्ही कमी करत गेले, दार स्वतःच्या बळावर पूर्ण प्रवास करू शकणार नाही इतके. मग तिथून अगदी थोडं थोडं पुढे, प्रवास जेमतेम पूर्ण होईपर्यंत. खालचा स्क्रू आधीच्या रेघेच्या बराच अलीकडे येऊन थांबला. नव्या स्प्रिंगमुळे मोटरला आता कमी जोर पुरतो, आणि पुरतो त्याहून जास्त दिला नाही.

दोन चाचण्या केल्या. पहिली हाताने: दार अर्ध्यावर खाली येत असताना बाजूला उभं राहून खालची कड दोन्ही हातांनी धरायची. सहज उलटलं पाहिजे. उलटलं. दाराला अंगाचं वजन लावावं लागत असेल तर फोर्स जास्त आहे.

दुसरी लाकडाने. चौकटीच्या मध्यावर जमिनीवर दीड इंच जाडीची फळी आडवी ठेवली आणि बटण दाबलं. दार फळीला टेकलं आणि लगेच उलटलं. अमेरिकेतल्या यूएल ३२५ या मानकाप्रमाणे एक इंच उंचीच्या अडथळ्याला लागल्यावर दोन सेकंदांच्या आत दार उलटायला हवं. मुलं दाराखाली सापडून दगावल्यानंतर तिथे १९९० मध्ये कायदा झाला, आणि १ जानेवारी १९९३ पासून बनलेल्या घरगुती मशीनना किरणाचा सेन्सर किंवा कडेचा सेन्सर असं दुसरं संरक्षणही सक्तीचं झालं. युरोपातलं ईएन १२४५३ हे मानक जोराचीच मर्यादा ठरवतं: दार बंद होत असताना शेवटच्या ५० सेंटिमीटर फटीत ४०० न्यूटनपेक्षा जास्त नाही, आणि तोही पाऊण सेकंदापुरता. ४०० न्यूटन म्हणजे साधारण ४० किलोंचा भार. मोठ्या माणसाच्या खांद्याला तो सोसेल. लहान मुलाच्या छातीचा विचार केला की वाटतं, मर्यादा म्हणजे गाठायचा आकडा नव्हे.

फळीच का? हात मऊ असतो, दबतो. फळी दबत नाही, आणि जमिनीच्या इतकी जवळ असते की खालचं लिमिट चुकलं असेल तर नेमकं इथेच कळतं. काही मशीन जमिनीजवळच्या शेवटच्या टप्प्यातला अडथळा म्हणजे जमीनच असं धरून चालतात. लिमिट फार खाली असेल तर तो टप्पाही खाली सरकतो, फार वर असेल तर फळीला लागूनही दार उलटत नाही. म्हणून लिमिट बदललं की फळीची चाचणी पुन्हा करायची. फोर्स बदलला की पुन्हा. दोन्हींपैकी काहीही हललं की पुन्हा.

१६ नोव्हेंबर

संध्याकाळचं दुखणं. दार पश्चिमेला आहे, आणि वेळ ऐकताच उत्तर सुचलं होतं, तरी डोळ्याने पाहायचं होतं.

चौकटीच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून १५ सेंटिमीटरच्या आत दोन डोळे आहेत. एक इन्फ्रारेड किरण सोडतो, दुसरा घेतो. घेणाऱ्यावर हिरवा दिवा. सव्वापाचला ऊन तिरकं आत आलं, थेट त्या घेणाऱ्या डोळ्यावर, आणि हिरवा दिवा थरथरायला लागला. हाताने सावली केली, स्थिर झाला. हात काढला, पुन्हा थरथर. सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असतं. डोळा त्याने दिपून गेला की त्याला किरण वेगळा कळत नाही, आणि मशीन सुरक्षित बाजू धरून किरण तुटला असंच मानते.

दोन्ही डोळ्यांची अदलाबदल केली. आता घेणारा सावलीच्या बाजूला आहे, आणि सोडणाऱ्याला उन्हाचं काही वाटत नाही. मशीनचा प्लग काढून वायरी बदलल्या, दोन डोळ्यांमध्ये दोरा ताणून उंची आणि दिशा जुळवली, ब्रॅकेटचे स्क्रू घट्ट केले, भिंगं मऊ फडक्याने पुसली. एका भिंगावर कोळ्याचं जाळं होतं.

त्याच वेळात दार दोनदा बंद करून पाहिलं. सरळ खाली. मग बंद होत असताना केरसुणी मध्ये धरली: उलटलं, दिवा लुकलुकला. किरण असताना दार बंद होतं हे पाहणं पुरेसं नाही, तुटल्यावर उलटतं हेही पाहावंच लागतं.

भिंतीवरचं बटण दाबून धरलं की सेन्सर बिघडला असला तरी दार बंद करता येतं. तशी सोय मुद्दाम दिलेली असते, दाराकडे बघत उभ्या असलेल्या माणसासाठी. त्या सवयीवर दिवस काढणं म्हणजे दार आंधळं ठेवणं, म्हणून घरात सगळ्यांना सांगितलं, तसं करायचं नाही, मला हाक मारायची. बटणही जमिनीपासून दीड मीटरवर नेलं, मुलीचा हात पोचणार नाही असं.

२१ नोव्हेंबर

छोटी गोष्ट. रिमोट अगदी जवळ आल्याशिवाय चालत नाही अशी तक्रार घरातून आली. बॅटरी ठीक. मोटरवरचा एलईडी दिवा काढला आणि रिमोट फाटकापासून चालला. काही एलईडी दिव्यांच्या आतल्या सर्किटमधून रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो आणि मशीनची अँटेना अगदी शेजारीच असते. दुसरा दिवा लावला, अंतर टिकलं.

३० नोव्हेंबर

मधल्या दिवसांतली सर्वांत थंड सकाळ. मुद्दाम सहा वाजता उठून पाहिलं. दार टेकलं, थांबलं, उलटलं नाही. फळीवर उलटलं. फोर्सला हात लावावा लागला नाही.

संध्याकाळी साडेपाचला परत. ऊन समोर, हिरवा दिवा स्थिर.

मोटरच्या कव्हरवर चिकटपट्टी लावून चारही स्क्रूंच्या जागा आणि तारीख लिहिली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तीन गोष्टी: फळी, केरसुणी, आणि लाल दोरी ओढून तोल.

७ डिसेंबर

पहिला रविवार. तिन्ही ठीक.

सासूबाईंना लाल दोरीचं शिकवलं. दुपारी त्या घरी एकट्या असतात आणि वीज गेली तर दार कसं उघडायचं हे त्यांना माहीत नव्हतं. "आई, दार बंद आहे ना हे आधी बघा, मगच दोरी ओढा." त्यांनी ओढली, ट्रॉली सुटली, आणि दार एका हाताने छातीपर्यंत नेलं. म्हणाल्या, "अगं, हे तर मला उचलवतंय. मी इतके दिवस घाबरत होते." मग दार खाली आणून बटण दाबलं, ट्रॉली खटकन परत अडकली. थोरला मुलगाही शिकला. त्याला एक गोष्ट वेगळी सांगितली: दार हलत असताना त्याच्याखालून पळत जायचं नाही, सेन्सर असला तरी.